उत्तमरावांचं कपाट

चहा गार व्हायच्या आत एक कबुली देऊन टाकतो. हसा, पण घरी जाऊन बायकांना सांगू नका. आमचीला अजून तो विषय काढलेला चालत न्हाई.

पोरीच्या लग्नात बापाची फजिती होतेच. कुणाचा मांडव उडतो, कुणाचा वरणाचा डेग सांडतो. पण अर्ध्या पाटोद्याच्या डोळ्यांत पाणी आणून, आपण मात्र टेम्पोत पुढं बसून हसत हसत हात हलवत जाणारा बाप तुम्ही पाहिलाय का? न्हाई ना? मग आता बघून घ्या. समोर बसलाय.

तुम्हाला माहीतच हाय, मी जिल्हा परिषदेच्या शाळेचा रिटायर हेडमास्तर. छत्तीस वर्षं पोरांचे कान पिरगाळले. त्यामुळं रस्त्यानं निघालो की चार जणांनी "नमस्कार गुरुजी" म्हणावं अशी आपली एक अपेक्षा. कुणी नाही म्हणलं तर घरी येऊन मी विनाकारण भाजीत मीठ कमी हाय म्हणतो. हा माझा स्वभाव. तो ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

आणि दुसरे आमचे मेव्हणे, उत्तमराव. सुशीलाचे, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. शेजारच्या गावचे दोन वेळचे सरपंच. माणूस दिलदार, पण नावाचा लई भुकेला. देवळाला घंटा दिली तरी घंटेपेक्षा नाव मोठं! मागच्या निवडणुकीत पडले, आणि तेव्हापासून तर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे विस्तवावरून चालायचं.

आमच्या रेणूचं लग्न ठरलं. आपल्याकडच्या पत्रिका तुम्हाला ठाऊकच आहेत. नवरा-नवरीचं नाव शोधावं लागतं! आजी, माजी, भावी, सगळे पुढारी फोटोसकट वर. त्या गर्दीत मी उत्तमरावांचं नाव टाकलं तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. मुद्दाम न्हाई हो! जागाच उरली नव्हती.

पत्रिका पोचली आणि फोन आला.

"दाजी, सरपंच व्हतो तवा तुमच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत माझं नाव सगळ्यात वर व्हतं. पडलो तर एकदम तळाला?"

"अहो उत्तमराव, छापणाऱ्यानं..."

"छापणाऱ्याचं नाव माझ्यापेक्षा मोठं हाय त्याच्यात! मी काय लग्नाला येत न्हाई. करा भाचीच्या मागं दुसरा कुणीतरी मामा उभा!"

झालं! आता सांगा, मामा मागं उभा राहिल्याशिवाय पोरीवर अक्षता पडतात का आपल्यात? बाजारातून काय मामा भाड्यानं आणायचा? रेणूनं जेवण सोडलं. "मामा न्हाई तर मी मांडवात पाय ठेवत न्हाई," म्हणाली. सुशीला माझ्याकडं असं बघायची, जणू मी पत्रिका छापली न्हाई, तिचा भाऊच विकला. शेवटी तिनं पाच-सहा फोन करून, रडून, भावाला कसंबसं राजी केलं. "बाजारच्या दिवशी पाटोद्याला येतो. संध्याकाळी घरी येऊन बोलू," एवढं म्हणाले. म्हणजे तेव्हा लग्नाला राहणार दहा दिवस. त्या एका संध्याकाळवर सगळं होतं.

बाजारच्या दिवशी सकाळीच सुशीला आणि रेणू साड्या घ्यायला बीडला निघाल्या. जाताना सुशीलानं बजावलं, "अहो, उद्या रंगारी येणार म्हणून पसारा काढा, पण दादाच्या कपाटाला हात लावू नका. तो घरात आला की आधी कपाटाकडं बघतो."

हे कपाट म्हणजे उत्तमरावांनी वास्तुशांतीला दिलेलं लोखंडी कपाट. साडेसहा फूट. पेंटर बोलावून दारावर लाल अक्षरांत लिहून घेतलेलं: 'बहीण सौ. सुशीला व दाजी यांस वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट.' आणि खाली, दुकानाच्या पाटीएवढं, 'उत्तमराव, सरपंच'. आता त्याचा तळ गंजून गेलेला. दार लागायचं न्हाई, सुतळीनं बांधायचो. आत उंदरांच्या तीन पिढ्या शिकून मोठ्या झाल्या.

बायकोनं सांगितलं तेवढं ऐकलं असतं तर आज हा चहा फुकट गेला असता. पण हेडमास्तरचं डोकं! मी म्हणलं, हे सुतळी बांधलेलं गंजकं कपाट उत्तमरावांनी बघितलं तर अजून भडकतील. म्हणतील, माझ्या नावाची ही किंमत केली! त्यापेक्षा कपाटच नसलेलं बरं. विचारलं तर सांगू, दुरुस्तीला दिलंय. काय अक्कल! माझी मलाच शाबासकी द्यावी वाटली.

त्यातच नगरपंचायतीनं स्मशानभूमीच्या पुढं नवीन संकलन केंद्र काढलेलं. जुनं लोखंड, प्लास्टिक, रद्दी, मोडकं फर्निचर, सगळं तिथं नेऊन द्यायचं. उद्घाटनाला माझंच भाषण झालेलं. चाळीस मिनिटं! 'घरातली अडगळ रस्त्यावर टाकू नका, स्वतः केंद्रावर आणून द्या.' आता बोललो तर करून दाखवायला नको?

सलीम टेम्पोवाल्याला बोलावलं. रद्दीचे गठ्ठे, फुटक्या बादल्या, कूलरचा सांगाडा चढवला आणि त्यावर कपाट. उभं राहिना, वर तारा लागतात. मग आडवं घातलं. तोंड वर, पाय मागं बाहेर. मी सलीमच्या शेजारी बसलो आणि निघालो.

बाजारात शिरलो न्हाई तोच भाजीवाल्या मावशी ओरडल्या, "गुरुजी, वास्तुशांतीची भेट कुठं घेऊन निघालाव?"

अरे देवा! तोंड वर, म्हणजे नावही वर! ओट्यावर बसलेलं हरेक माणूस वाचायलंय.

तेवढ्यात सलीम म्हणाला, "गुरुजी, तुमचे मेव्हणे फाट्यावरच्या हाटेलात बसलेत. आत्ताच बघितलं. खुर्ची रस्त्याकडंच हाय."

मी सीटवर खाली सरकलो. "दुसरा रस्ता हाय का रे?"

"हाय की. मांजरसुंब्याहून फिरून. पोचायला संध्याकाळ होईल."

"गाडी थांबव!"

कोपऱ्यावर टेम्पो उभा केला आणि धावत झुंबरशेठच्या कापडदुकानात शिरलो. घामानं निथळायलो होतो. धाप लागलेली, डोळे लाल.

"शेठ, कापड द्या. कसलंबी द्या, पण लवकर!"

शेठनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हातातलं गिऱ्हाईक सोडलं. हळू आवाजात म्हणाले, "लांबी?"

"साडेसहा फूट."

"अरेरे." शेठनं मांजरपाटाचा तागा काढला. "पांढरंच ना?"

"पांढरं तर पांढरं. सगळं झाकलं पायजे."

कापड टराटरा फाडताना त्यांनी विचारलं, "कोण हो गुरुजी?"

"आमचे मेव्हणे, उत्तमराव... आता काय सांगू शेठ! लग्न दहा दिवसांवर आलं आणि हे असं होऊन बसलं!"

मी पैसे काढले तर शेठनं हात धरला. "असू द्या गुरुजी. ह्या कामाचे पैसे आमी घेत न्हाई." वर एक उदबत्तीचा पुडा हातात कोंबला.

आता तुम्हाला कळलं. मला कळायला नको? पण न्हाई! मी म्हणलं, बघा, ह्यांचा पुतण्या माझ्या हाताखाली शिकला, त्याची जाण ठेवली. गुरुजींचा मान! आणि उदबत्ती? कचऱ्याच्या केंद्रावर जायचंय, वास मारत असंल, म्हणून दिली असंल. लई विचारी माणूस!

कपाटावर मांजरपाट पसरलं. उडू नये म्हणून सुतळीनं तीन ठिकाणी बांधलं. सलीमनं उदबत्ती पेटवून टेम्पोच्या फळीत खोचली. म्हणाला, "डास लई असतात तिकडं." आणि निघालो.

आणि काय सांगू तुम्हाला! चमत्कार झाला. पानाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. हात जोडले. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मोटारसायकलवाले बाजूला थांबले. एक पुढारी, जो एरवी मला बघून फोन कानाला लावतो, तो गाडीतून खाली उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला! दुकानदार शटर अर्धी खाली ओढायलेत. म्हणलं, जेवायची वेळ झाली असंल.

मला भरून आलं हो. छत्तीस वर्षांच्या नोकरीचं चीज झालं! मीही दोन्ही हात जोडायलो, हसायलो, कुणाकुणाला हात वर करून आशीर्वाद द्यायलो. एक बाई पदर डोळ्याला लावून शेजारणीला म्हणाली, "धक्का बसलाय गं बिचाऱ्याला, हसायलेत." हेही मी ऐकलं. म्हणलं, बोलत असंल दुसऱ्या कुणाबद्दल!

फाट्यावरचं हाटेल आलं. खुर्चीवर उत्तमराव, हातात बशी. मी झटकन गळ्यातला टॉवेल तोंडावर घेतला आणि मान गुडघ्यात घातली. हाटेल मागं पडलं. नाही बघितलं! सुटलो!

मान वर केली तर सलीम आरशात बघायलेला. "गुरुजी, मागं वीस-पंचवीस गाड्या लागल्यात."

मी बाहेर डोकं काढून बघितलं. खरंच हो! मोटारसायकली, दोन जीपा, एक ट्रॅक्टर. मला काय वाटलं असंल? सांगा, काय वाटलं असंल? मला वाटलं, माझ्या भाषणाचा परिणाम! गुरुजी स्वतः निघालेले बघून अख्खा गाव अडगळ टाकायला निघाला!

स्मशानभूमी आली. सलीमनं टेम्पो सरळ पुढं काढला. मागच्या गाड्या मात्र फाटकापाशी थांबल्या. हॉर्न वाजायलेत, माणसं हातवारे करायलीत, "गुरुजी! आवं गुरुजी! हिकडं, हिकडं!"

मी अर्धा बाहेर झुकलो आणि शाळेत प्रार्थनेला काढायचो तसा आवाज काढून ओरडलो, "तिकडं न्हाई रे! पुढं चला! सुका कचरा पुढं घेतात!"

एकदम सगळे हॉर्न बंद झाले.

केंद्राच्या फाटकात रशीदभाई उभे. पूर्वी वेल्डिंगचं दुकान होतं त्यांचं, आता केंद्राचं काम बघतात. नियमाला पक्के. टेम्पोभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "गुरुजी, ये लोखंड हाय की लाकूड? आणि उदबत्ती कायकू?"

मी सांगणार तेवढ्यात मागून ती सगळी वरात आत शिरली. साठ-सत्तर माणसं. हातात हार. सगळ्यात पुढं झुंबरशेठ, दुकान बंद करून आलेले. एकाच्याही हातात रिकामी बाटलीसुद्धा न्हाई! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. माझी नजर पांढऱ्या कापडावर गेली, मागं निघालेल्या पायांवर गेली, उदबत्तीवर गेली.

आणि तेवढ्यात एका मोटारसायकलवरून उत्तमराव उतरले. उतरले कसले, पडलेच. एका पायात चप्पल न्हाई, पटका गळ्यात आलेला. त्यांनी हाटेलातून मला बघितलं होतं. तोंडाला टॉवेल लावून गुडघ्यात मान घातलेला दाजी आणि मागं पांढरं कापड. सुशीलाला फोन लावला तर ती साड्यांच्या दुकानात, उचलला न्हाई. माणसानं दुसरं काय समजायचं?

"सुशेऽऽ!" त्यांनी कपाटाला मिठीच मारली. "सुशे, माझ्यावर रागावून गेलीस का गं! कागदावरच्या एका नावासाठी मी तुला रडवलं गं! तळाला असू दे माझं नाव, न्हाई तर नसू दे, पण तू ऊठ गं बाय!"

इकडं गर्दी चार पावलं मागं सरकली. त्यांचा जो मेला होता तोच मिठी मारून रडत होता ना! झुंबरशेठच्या हातातला हार खाली पडला. "आवं, हे तर... हे तर स्वतःच आलेत!"

मी म्हणलं, "उत्तमराव, सुशीलाला काही झालं न्हाई. ती बीडला गेलीय. साड्या घ्यायला."

त्यांनी डोकं वर केलं. "मग ह्याच्यात कोन हाय?"

रशीदभाईंनी सुतळी कापली आणि कापड ओढलं. उन्हात लाल अक्षरं लखकन उघडी पडली. 'सप्रेम भेट. उत्तमराव, सरपंच.'

उत्तमरावांनी सावकाश वाचलं. पुन्हा वाचलं. मी डोळे मिटून घेतले. संपलं. गेलं रेणूचं लग्न.

पण त्यांनी आधी पुन्हा फोन लावला. ह्या वेळी सुशीलानं उचलला. तिचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला, "दादा, बरं झालं केलास! वहिनीसाठी हिरवी घेऊ का जांभळी?"

"कोनतीबी घे, सुशे," उत्तमराव म्हणाले. "दोनी घे. फकस्त बोलत ऱ्हा." आणि भुईवर बसून तो सहा फुटी माणूस लहान लेकरासारखा रडला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मीही शेजारी बसलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. पत्रिका, सुतळी, दुरुस्तीची थाप, सगळं.

"म्हंजी माझं नाव भंगारात घालायला आनलंत?"

"झाकून आणलं होतं, उत्तमराव."

"झाकून? आख्खा गाव मला पोचवायला आला की हो, दाजी!"

असं म्हणले आणि मग त्यांनी गर्दीकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "ही... ही सगळी मानसं माझ्यासाठी आली?"

झुंबरशेठ पुढं झाले. "मंग? माझ्या आईला दवाखान्यात न्यायला तुमी जीप पाठवली व्हती. ते काय निवडणुकीत पडलं का?"

"आमच्या वस्तीवर नळ तुमीच आनला," मागून कुणी म्हणलं.

उत्तमरावांनी पटक्यानं डोळे पुसले. "दाजी, खरं सांगू? पडल्यापासून वाटायचं, आपल्याला आता कुत्रं ओळखत न्हाई. म्हनून त्या पत्रिकेचं लई लागलं." मग उठले, खाली पडलेला हार उचलला, झटकला, आणि स्वतःच्याच गळ्यात घातला. "वाया कावून घालवायचा? या रे समदे, आता आलाच हाव तर भाचीच्या लग्नाचं आवतन घेऊन जा! मी मामा हाय तिचा!"

माझा जीव भांड्यात पडला. साठ-सत्तर पानं वाढली, पण मामा परत मिळाला.

कपाट तिथंच दिलं. फक्त दार उत्तमरावांनी रशीदभाईंकडून काढून घेतलं. "हे माझ्या नावाचं हाय. बघतो काय करायचं ते," एवढंच म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी बघतो तर ते दार उभं! नवीन रंग, हार घातलेला. 'भाची चि. सौ. कां. रेणूच्या लग्नात सर्वांचं स्वागत. मामा, उत्तमराव.' अक्षरं पार बसस्टँडवरून वाचता येतील एवढी. आणि अगदी तळाला काहीतरी बारीक. मी चष्मा काढला, पुसला, घातला, वाकलो. माझं नाव होतं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

तक्रार काय तोंडानं करणार? अक्षता पडल्या तेव्हा रेणूच्या मागं मामा छाती काढून उभे होते. पोरगी हसत होती. आणखी काय पायजे बापाला?

मग मी मांडवाच्या तोंडाशी जाऊन जेवणाला येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागताला उभा राहिलो. माणसं यायलीत, लांबूनच हात जोडायलीत, मीही जोडायलो, छाती फुगायली. पाच मिनिटांनी सहज मागं वळून बघितलं, तर माझ्या पाठीशी ते दार! लोक आधी त्यावरचं नाव वाचायले आणि त्यालाच हात जोडून, मला वळसा घालून, आत जायले.

तेव्हापासून रस्त्यात कुणी मला नमस्कार केला ना, की मी आधी मागं वळून बघतो. आणि मागं कुणी नसलं तर टेम्पो कुठं दिसतोय का, तेही बघतो.